पाण्यातली खूण

कॉस्मास मिस्किटा वांगी घेऊन लॅबमध्ये आले, तेव्हा खाली रिसेप्शनवर कोणाला काही सुचेना. वागळे इस्टेटमधल्या त्या लॅबमध्ये नमुने यायचे ते कंपन्यांकडून, सीलबंद पाकिटांत, कुरियरने. सोयाचा भुगा, मक्याचं पीठ, लहान मुलांच्या खाण्याचे डबे. "वांगी कापणारी जी कोण बाई हाय तिला मना भेटू दे," असा हट्ट धरून मांडीवर कापडी पिशवी घेऊन बसलेला म्हातारा तिथे यापूर्वी कोणी पाहिला नव्हता. शेवटी मेघनाला खाली बोलावलं.

मेघनाचं काम अन्नातली जनुकं तपासण्याचं. एखाद्या पिकात दुसऱ्याच जिवाचं जनुक घालून नवं वाण करतात, त्याला जीएम म्हणतात. तसं काही मालात मिसळलेलं आहे का, हे ती मशीन लावून सांगायची. ठाकुर्लीहून रोज ठाण्याला यायचं, दिवसभर नळ्या भरायच्या, रिपोर्टवर सही करायची. नमुन्याबरोबर माणूस येतो, ही तिलाही नवलाचीच गोष्ट होती.

"बोला अंकल," ती समोर बसत म्हणाली.

म्हाताऱ्याने पिशवीतून वांगी काढली. गोल, हिरवी, अंगावर पांढरे ओघळ, देठाला काटे. कोवळी आणि तुकतुकीत.

"ही रोझाची," तो म्हणाला. "रोझा म्हंजे आमची बायको. लग्नात उत्तनवरनं येताना रुमालाच्या गाठीत बी बांधून आणलेलं. तिच्या आईनं दिलेलं. तवापासून आमच्या वाडीत तेच लावतंव. दुसरं वांगं घरात येऊ दिलं नय तिनं."

"आणि त्या?"

"ती गेली. कोविडमध्ये."

घोडबंदर रोडला टॉवरांच्या मागे जी जुनी गावठाणं उरलीत, त्यातल्या एका गावठाणात कॉस्मासची वाडी होती. जमीन बरीचशी गेली होती, विहिरीजवळचा एक तुकडा तेवढा राहिला होता. मुलगा रोनाल्ड याला ती वांगी टॉवरमधल्या एका ऑरगॅनिक दुकानाला द्यायची होती. दुकानदार म्हणाला, माल देखणा आहे, पण जीएम नसल्याचा रिपोर्ट आणा, आमचं गिऱ्हाईक विचारतं. म्हणून ही फेरी.

"सगळी कापणार?" कॉस्मासनी विचारलं.

"कापून त्याची भुकटी करावी लागते, अंकल."

"मग नीट कापा हां बाय." त्यांनी वांगी तिच्या हातात दिली, एकेक करून, अंडी द्यावीत तशी.

मेघनाने नेहमीप्रमाणेच काम केलं. वांग्यांची भुकटी केली, त्यातून हवं ते काढलं, नळ्या मशीनमध्ये लावल्या. नमुन्यात जनुकाची खूण नसेल तर पडद्यावरची रेघ आडवी पडून राहते. असेल तर ती चढायला लागते. प्रत्येक वेळी एक नळी नुसत्या शुद्ध पाण्याची लावायची, तिला ते कोरी नळी म्हणत. पाण्यात काहीच नसतं, त्यामुळे तिची रेघ शेवटपर्यंत आडवी राहायला हवी. तीच चढली तर बाकी कशावरच विश्वास ठेवता येत नाही.

रोझाच्या वांग्याची रेघ चढली.

मेघना पडद्याकडे बघतच राहिली. असल्या वांग्याला आपल्याकडे परवानगी नाही. चोरून लावलेली रोपं कुठे कुठे सापडल्याच्या बातम्या तिने वाचल्या होत्या. पण उत्तनहून रुमालात आलेल्या बियात? कोऱ्या नळीकडे तिने दोनदा पाहिलं. पाण्याची रेघ आडवी होती, अगदी शेवटाला मात्र किंचित, झोपेतल्या माणसाने बोट हलवावं तशी, वर उचलली गेली होती.

तिने मॅनेजर हरिहर सरांना दाखवलं. ते चष्मा कपाळावर सरकवून वाकले.

"शेवटाला एवढं होतंच कधीकधी. तुझा नमुना बघ ना, किती आधी चढलाय. पाठव रिपोर्ट."

मेघनाने सही केली.

दुसऱ्या दिवशी कॉस्मासचा फोन आला. नंबर रिसेप्शनवरून मिळवलेला.

"म्हंजे रोझाच्या वांग्यात दुसरं कोणतरी शिरलंय?"

"तसं नाही अंकल. जवळपास कोणी नर्सरीतली रोपं लावली असतील, फुलांवर मधमाशा फिरतात, त्यातून बी मिसळतं कधीकधी."

"ते खाल्लेलं बाधतं काय? माझी नातवंडं खातात. आख्खा गावठाण खातो."

"बाधतं असं नाही म्हणता येणार. बांगलादेशात लोक असली वांगी खातात. फक्त आपल्याकडे त्याला परवानगी नाहीये."

मग कॉस्मास म्हणाले, "बाधू दे, नय बाधू दे. पण ते रोझाचं नय राहिलं ना आता?"

"नाही," ती म्हणाली, "तसं शुद्ध नाही राहिलं."

"बरा केलास गो, सांगितलंस ते," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

त्यानंतर कितीतरी दिवस सगळं नेहमीसारखं चाललं. आणि मग एका सकाळी पाणी बोललं.

मेघनाने बिस्किटांच्या पिठाचे नमुने लावले होते. पिठांच्या रेघा चढल्या आणि त्यांच्या मागोमाग, कुणी हाक मारावी आणि मागच्याने मान वर करावी, तशी कोऱ्या नळीची रेघही चढली. शेवटाला नाही. मध्यातूनच, निवांत, पूर्ण उंचीपर्यंत.

तिने नवीन पाणी घेतलं. चढली. बाटली बदलली. चढली. नवे हातमोजे, नव्या नळ्या, सीलबंद खोक्यातलं सगळं. तरी पाणी म्हणायचं, हो, आहे. ज्यात काहीच नव्हतं ते प्रत्येक वेळी सांगत होतं, मी आहे.

झालं काय होतं ते हरिहर सरांनी मग शोधून काढलं. हे मशीन एका खुणेच्या कोट्यवधी नकला करतं. कधीतरी काम झालेली एखादी नळी त्या खोलीत उघडली गेली असणार. डोळ्यांना न दिसणारा एक थेंब हवेत उडाला, एसीच्या जाळीवर बसला, तिथून टेबलावर, दाराच्या मुठीवर, त्यांच्या कोटांवर. ते धड जिवंत नव्हतं आणि मरतही नव्हतं. जिथे पडेल तिथे स्वतःची साक्ष देत राहायचं.

खोली बंद केली. ब्लीचने भिंती पुसल्या, एसीच्या जाळ्या काढून फेकल्या. आठवडाभराने पुन्हा पाणी लावलं. रेघ आडवी राहिली, आडवीच राहिली, सगळ्यांनी श्वास सोडला, आणि रेघेने मान वर केली.

मेघना घरी येऊन कोपरापर्यंत हात धुवायला लागली. नखांखाली, अंगठीखाली. कपडे दाराशीच बदलायला लागली. सासूबाई, शांताबाई, ताटात भात वाढायच्या आणि मेघनाला त्या पांढऱ्या भाताखाली एक रेघ सरळ वर चढताना दिसायची. गॅलरीतून लांब मलंगगड दिसायचा. त्याच्या चढाकडेही तिला बघवेना.

"हाताला कसला वास येतो गं तुझ्या?" शांताबाईंनी विचारलं. "तुझी लेक पाणी पीत नव्हती तुझ्या हातचं."

नवरा महेंद्र हसला. "अगं, लॅब ठाण्याला, घर ठाकुर्लीला. तू काय ते अंगाला लावून आणतेस का?"

"तेच तर माहीत नाही ना रे," मेघना म्हणाली. तिच्या आवाजाने त्याचं हसू गेलं.

कुठे आहे हे माहीत नव्हतं, त्याहून वाईट म्हणजे कधीपासून आहे हे माहीत नव्हतं. ती मागची कामं उघडून बघायला लागली. कोऱ्या नळीची रेघ एकेका दिवसाने मागे मागे तपासत गेली. कुठे आडवी, कुठे आडवी, कुठे शेवटाला जरा उचललेली. अशी उचललेली पहिली रेघ ज्या दिवशीची होती, तो दिवस कॉस्मास अंकलच्या वांग्यांचा होता.

झोपेतल्या माणसाने बोट हलवलं होतं, आणि तिने ते पाहिलं होतं.

"सर, ती वांगी परत बघायला हवीत."

"रिपोर्ट जाऊन किती दिवस झाले," हरिहर सर म्हणाले. मग तिच्याकडे बघून मऊ झाले. "उरलेला नमुना फ्रीझरमध्ये असेल. पण इथे नको करूस. इथे आता दगड लावला तरी हो म्हणेल."

तपासून उरलेली भुकटी लॅबला काही काळ जपून ठेवावी लागते. ती वरच्या मजल्यावरच दळलेली आणि तिथल्याच फ्रीझरमध्ये ठेवलेली होती, खालच्या मशीनच्या खोलीत गेलीच नव्हती. मेघनाची मैत्रीण ऋजुता कल्याणच्या एका कॉलेजात शिकवायची. तिथे मशीन होतं, आणि हे असलं काम त्या इमारतीत कधीच झालेलं नव्हतं. मेघनाने नवे कपडे घातले, नव्या चपला घातल्या. भुकटीची बाटली ऋजुतानेच येऊन वरच्या मजल्यावरून नेली. मेघनाने हातही लावला नाही. कल्याणलाही ती दाराबाहेर बाकावर बसून राहिली, विटाळ झाल्यासारखी.

ऋजुता बाहेर आली. "पाणी आडवं. जीएमचा मुद्दाम लावलेला नमुना चढला, म्हणजे मशीन नीट चालतंय." ती थांबली. "वांगी आडवी, मेघना. तीनदा लावली. त्यात काहीही नाहीये."

रविवारी मेघना कॉस्मासच्या घरी गेली. घोडबंदर रोडवरून आत वळलं की टॉवरांच्या सावल्यांत गावठाण सुरू व्हायचं. एक छोटा क्रूस, कौलारू घरं, कुठे वाळत घातलेले बोंबील. चर्चमधली मिसा आटोपून लोक परतत होते. आपण नवा रिपोर्ट देऊ, माफी मागू, दुकानाचं पुन्हा जमेल, असं ती वाटभर मनात जुळवत होती.

विहिरीमागे वाडीचा तुकडा होता. तो काळा होता. मधोमध जळल्याचं मोठं वर्तुळ, त्यात अर्धवट जळलेली काटेरी देठं. एकही रोप नव्हतं.

कॉस्मास पायरीवर बसले होते. तिला बघून उठले. "ये गो बाय, तू कशी आलीस?"

"अंकल, हे काय केलंत?"

"मग काय करनार? लोकांच्या घरात कशाला देऊ तसलं?" त्यांनी सांगायला घेतलं, अगदी सरळ, काम चोख केल्याच्या सुरात. रोपं उपटली. राखेत घोळवून ठेवलेलं बी जाळलं. रोझाने वर्षानुवर्षं ज्यांना ज्यांना बी दिलं होतं त्या सगळ्यांकडे ते स्वतः गेले. ओवळ्याची चुलत बहीण, कावेसरचा कोण, आणि शेवटी उत्तनला, रोझाच्या माहेरी. "त्यांना बोललो, ह्यात भेसळ झालीय, ठेवू नका. सगळ्यांनी दिलं. रोझाचं नाव हाय ना त्याच्यावर. तिच्या नावावर दुसरं काय चालवायचं नय."

मेघना तिथेच पायरीवर बसली.

"अंकल, आमचं चुकलं. माझं चुकलं. वांग्यात काही नव्हतं. ती खूण आमच्या खोलीतली होती. मी परत तपासलं, दुसरीकडे. तुमची वांगी स्वच्छ होती."

कॉस्मासच्या चेहऱ्यावर जे आलं त्याची तिने तयारी केली नव्हती. तो चेहरा उजळला. "म्हंजे रोझाचीच होती? शेवटपर्यंत? मी बोललेलो! रोनाल्ड, ऐकलंस काय, आईचीच होती रे—" आणि बोलता बोलता त्यांची नजर त्या काळ्या वर्तुळावर गेली. हात तसाच हवेत राहिला.

रोनाल्ड दारात येऊन उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

"सॉरी बोलायला आलात काय मॅडम?" तो हळू आवाजात म्हणाला. "सॉरी कुठे लावायचं? ह्या मातीत लावायचं? उगवेल?"

"रोनाल्ड," कॉस्मास म्हणाले.

"नाही पप्पा, बोलू दे. तुम्ही उत्तनला गेलेलात, मावशी रडलेली, तरी तुम्ही घेऊन आलात तिच्याकडनं. एका कागदावर!"

"कागदावर विश्वास मी ठेवला. ह्या बायनं नय सांगितलं जाळायला." म्हातारा खाली बसला. मग त्याने विचारलं, "काय उरलंय काय?"

"थोडी भुकटी आहे. मी आणलीय." तिने पर्समधून छोटी बाटली काढली. करडी, कोरडी, चमचाभर.

"ह्याच्यातनं रोप—"

"नाही येणार. वांगी कोवळी होती, बी तयार नव्हतं. आणि दळलंय सगळं."

कॉस्मासनी बाटली उन्हात धरली. "जाळल्यापासनं ती येतेय," ते म्हणाले. रोनाल्डने मान फिरवली, हे त्याने आधी ऐकलेलं असणार. "दुपारची. मी पडलेलो असतंव, आणि मागच्या दाराशी उभी राहते, सूप घेऊन. वांगी काढायला आलेली. काय बोलत नय. वाडीकडे बघते नि माझ्याकडे बघते. मी बोलतंव, रोझा, ती तुझी नव्हती गो. तरी जात नय. आता कळलं का जात नय."

मेघनाच्या अंगावर काटा आला. अशा गोष्टींवर तिच्या घरात कोणाचा विश्वास नव्हता. भुतंखेतं मानायची नाहीत हे ती लहानपणापासून शिकलेली. पण आपल्यालाही रोज ताटात एक रेघ दिसते, हे तिला माहीत होतं.

कॉस्मास तिला चर्चमागच्या दफनभूमीत घेऊन गेले. रोनाल्ड आला नाही. रोझाच्या कबरीवर साधा सिमेंटचा क्रूस होता, पायथ्याशी माती. म्हाताऱ्याने गुडघे टेकले, बोटांनी छोटा खळगा केला आणि भुकटी त्यात ओतली.

"तुझीच होती," ते मातीला म्हणाले. "चूक माझी झाली. तुझीच होती गो." मग एकदम त्यांचा आवाज चिरकला. "पण तू तरी सांगायचंस ना! उभी राहतेस नि बोलत नय!"

मेघना मागे उभी राहून रडली. कोणासाठी ते तिलाही सांगता आलं नसतं.

लॅबने त्या काळातले सगळे रिपोर्ट मागे घेतले. हरिहर सरांनीच ते करून घेतलं, त्यासाठी मालकांशी भांडले. खोली फोडून नवी बांधली. पाणी पुन्हा कोरं झालं. मेघना मात्र त्या मशीनवर बसली नाही, तिने दुसरा विभाग मागून घेतला. हात धुणं हळूहळू कमी झालं. लेक पुन्हा तिच्या हातचं पाणी प्यायला लागली.

पण बाजारात गेली की तिचे डोळे शोधायचे. डोंबिवलीत, कल्याणच्या भाजी बाजारात, कोपर स्टेशनबाहेर टोपल्या घेऊन बसणाऱ्या बायकांकडे. गोल, हिरवी, पांढरे ओघळ, काटेरी देठ. जवळपास तसं काही दिसलं की ती घेऊन रविवारी कॉस्मासकडे जायची. ते हातात घेऊन बघायचे, देठ दाबायचे. "नय. हे खालनं लांबट हाय." "नय, रंग तसा हाय, पन साल जाड." रोनाल्ड आधी बोलायचा नाही. नंतर चहा ठेवायला लागला.

एकदा मेघनाने कल्याणला एका म्हातारीकडून पिकून पिवळं पडलेलं वांगं आणलं. म्हातारी टिटवाळ्याच्या पलीकडून कुठून तरी आलेली, बी कुठलं ते तिला ठाऊक नव्हतं. सासूनं लावलेलं, एवढंच म्हणाली. कॉस्मासनी ते बराच वेळ धरून ठेवलं.

"तेच आहे?" मेघनाने विचारलं.

"काय माहीत." त्यांनी पुन्हा फिरवून पाहिलं. "रोझाला विचारायला पायजे."

"तपासून आणू का?" हे शब्द तिच्या ओठांपर्यंत आले आणि तिने ते गिळले. कॉस्मासनीही विचारलं नाही. त्यांनी वांगं फोडून बी वेगळं केलं आणि सुपात वाळत घातलं.

थंडीत त्यांनी तिला जेवायला बोलावलं. सुके बोंबील आणि वांगं, बाटल्यांत भरून ठेवलेल्या घरच्या बाटली मसाल्यातलं. भाकऱ्या रोनाल्डच्या बायकोने केल्या होत्या, पण भाजी कॉस्मासनी स्वतः केली होती. वाडीत जळल्याच्या जागेवर आता त्या बियाचं हिरवं होतं. सगळे स्वयंपाकघरात पाटावर बसले. म्हाताऱ्याने पहिला घास घेतला आणि तो चावत राहिला, डोळे मिटून, इतका वेळ की रोनाल्डने भाकरी खाली ठेवली.

"कसं झालंय पप्पा?"

कॉस्मासनी डोळे उघडले, पण ते ताटाकडे बघत नव्हते. ते मागच्या दाराकडे बघत होते. मेघनानेही तिकडे पाहिलं. दार उघडं होतं. बाहेर दुपारचं ऊन, वांग्याची पानं हलत होती, वाडीत कोणी नव्हतं. तरी तिने नकळत पाय जवळ घेऊन बसायला जागा केली.

"वाढ तिला," कॉस्मास सुनेला म्हणाले, आणि कोणाला ते कोणी विचारलं नाही.